बाबांच्या छातीतलं पाणी

३ मार्च, रविवार

आज बाबा गेले असते.

लिहून टाकलं एकदाचं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसलेय. आत एकालाच सोडतात, आई आहे. दुपारी जेवून बाबा आडवे झाले आणि लगेच ताडकन उठून बसले. खिडकीकडे गेले, ग्रिल धरून उभे! "हवा नाहीये." अहो, पंखा फुल आहे! मग खोकला — आणि रुमालावर फेस. गुलाबी. आई म्हणाली, "पित्त पडलंय." पित्त!!

आणि मी काय केलं? फर्स्ट एडचा कोर्स केलेली शहाणी मी! त्यांना जमिनीवर झोपवलं, उशी काढली, पाय वर केले. बाबा तोंडाने बोलू शकत नव्हते तर हाताने मला ढकलत होते. मला वाटलं, घाबरलेत. अँब्युलन्सवाला आला तो ओरडलाच — "बसवा, बसवा काकांना! पाय खाली सोडा! बुडवताय का माणसाला?"

बुडवताय. हाच शब्द वापरला त्याने.

४ मार्च, सोमवार

नाव कळलं. पल्मनरी इडीमा. फुप्फुसात पाणी.

हे इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं तर प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं व्हायला लागलं. खोडलं. मराठीतच येतंय, मराठीतच लिहिते. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

डॉक्टर मॅडम भारी आहेत. मी इतके प्रश्न विचारले की आई चिमटे काढत होती. शेवटी त्याच म्हणाल्या, "फोटो बघायचाय?" आणि एक्स-रे लाइटवर लावला. दोन्ही बाजूंना पांढरं धुकं, मधून बाहेर पसरत गेलेलं. फुप्फुस काळं दिसायला हवं, काळं म्हणजे हवा. बाबांचं म्हणजे काच पुसायची राहिल्यासारखं.

"फुप्फुसं बरी आहेत तुझ्या वडिलांची. बिघाड पंपात आहे." हृदय अशक्त झालंय, त्यात बीपी बेफाम चढलं. रक्त पुढे ढकललं जात नाही, मागे तुंबतं, दाब वाढतो, आणि बारीक बारीक नळ्यांमधून पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांमध्ये शिरतं.

मी म्हटलं, "ड्रेनेज तुंबलं की बाथरूममध्ये पाणी वर येतं तसं?"

"अगदी तसं. फक्त या बाथरूममध्ये आपल्याला श्वास घ्यायचा असतो."

म्हणूनच आडवं केलं की बुडायला होतं! पायातलं रक्त छातीकडे येतं, पंपावर आणखी लोड. आणि मी पाय वर करून धरले होते. घट्ट.

५ मार्च, मंगळवार

बाबांनी मास्क काढल्यावरचं पहिलं वाक्य — "कँटीनची किल्ली मावशीकडे पोचली का?"

आईने कपाळावर हात मारला. आचारी माणूस, डोक्यात कारखान्याचं कँटीनच.

मास्क म्हणजे नुसता ऑक्सिजन नव्हता. दाबाने हवा आत ढकलतो, पिशव्या मिटू देत नाही. शिवाय सलाइनमधून इंजेक्शन — किडनीला कामाला लावणारं. काल दिवसभर लघवीची पिशवी भरत होती आणि बाबांचा श्वास मोकळा होत होता. डोळ्यांदेखत! छातीतलं पाणी असं वळसा घेऊन बाहेर येतं. मी पिशवीकडे टक लावून बसले होते, मॅच बघितल्यासारखी.

मला मजा वाटत होती. बाबा असे पडलेत आणि मला मजा. शी!

७ मार्च, गुरुवार

शेजारच्या काकू भेटायला आल्या. "आमच्या भावजींच्या छातीत सुई घालून बादलीभर पाणी काढलं होतं. तुम्ही का नाही काढून घेत?" आई लगेच माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच सुई लपवून ठेवलीये.

समजावलं. भावजींचं पाणी फुप्फुसाच्या बाहेर होतं, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत. ते सुईने निघतं. बाबांचं आत आहे, लाखो पिशव्यांमध्ये थेंब थेंब. ओल्या स्पंजला सुई टोचून काय होणार? काकू म्हणाल्या, "हो का. पण सुई घातली असती तर बरं झालं असतं."

मॅडमनी स्टेथोस्कोप दिला कानाला! पाठीवर, खाली. बाबा श्वास घेतात तेव्हा चुर्र... चुर्र... बुटाचा व्हेल्क्रोचा पट्टा ओढून सोडवल्यासारखं. परवा हे खांद्यापर्यंत ऐकू येत होतं म्हणे, आता फक्त तळाशी. "अजून थोडं आहे," मॅडम म्हणाल्या. बाबा म्हणाले, "काय गं, काय वाजतंय?" मी म्हटलं, "तुमचं कँटीन."

ठरलं. बी.एस्सी. झाली की रेस्पिरेटरी थेरपीच करणार. आईला अजून सांगितलेलं नाही.

९ मार्च, शनिवार

घरी!! मीठ जवळपास बंद. पाणी मोजून. रोज सकाळी बाथरूमला जाऊन आलं की वजन — दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. लगेच फोन करायचा. लघवीची गोळी सकाळी. डोक्याखाली दोन उश्या.

वजनकाट्याचा ताबा मी घेतलाय. बाबा म्हणतात, "घरात हवालदार पोसलाय."

१३ मार्च, बुधवार

आईने जाहीर केलं — सगळ्यांचंच जेवण बिनमिठाचं. "एकाच्या ताटात एक आणि दुसऱ्याच्या ताटात एक असलं मला जमणार नाही." पहिला घास खाल्ला आणि वाटलं, पुठ्ठा खातेय. लिंबू पिळलं. मिरपूड टाकली. पुठ्ठाच, पण लिंबू पिळलेला.

बाबा मुकाट जेवतात. आई म्हणते, "शिका जरा वडिलांकडून."

२५ मार्च, सोमवार

बाबा कामावर. सकाळची पाळीच फक्त, पातेली उचलायची नाहीत, मॅडमची परवानगी आहे. काय खूश होते! कारखान्याचं कँटीन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चारशे माणसं जेवतात बाबांच्या हातचं. निघताना आरशासमोर भांग पाडत होते, आई म्हणाली, "लग्नाला चाललेत जसे."

डबा घरचा, बिनमिठाचा. तिथलं एक शीतही खाणार नाही असं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय.

२९ मार्च, शुक्रवार

वजन वाढलंय. थोडंच. काटा हलवून पुन्हा बघितलं. तेवढंच.

१ एप्रिल, सोमवार

आणखी वाढलं. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. बाबा म्हणतात, "उभं राहून राहून होतं." काल दोनच्या जागी तीन उश्या घेतल्या — मला न सांगता! मॅडमना फोन केला, उद्या या म्हणाल्या.

आणि मी एक घाणेरडं काम केलं. आई पाणी भरायला गेली तेव्हा तिची भाजी चाखून बघितली. मग पीठ. मग तिने मला पकडलंच, डब्यात बोट घातलेलं.

"काय बघतेयस?"

"काही नाही."

"माझ्यावर संशय? मी घालते मीठ गुपचूप? मी?" आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पदराने हात पुसले आणि आत जाऊन बसली. संध्याकाळी माझ्याशी बोलली ती फक्त "सरक" एवढंच.

पण मग मीठ येतंय कुठून?!

२ एप्रिल, मंगळवार

मॅडमना तळाशी पुन्हा चुर्र ऐकू आलं. गोळीचा डोस वाढवला. म्हणाल्या, आणखी चार दिवस असेच काढले असते तर पुन्हा मास्क.

"बाहेर काही खाता?"

"एक घास नाही," बाबा म्हणाले. "आईशप्पथ."

"लोणची, पापड, बिस्किटं?"

"नाही हो मॅडम. हिला विचारा, हिचा डोळा असतो माझ्यावर."

बाबा खोटं बोलताना नाक खाजवतात. आज नाही खाजवलं. खरंच बोलत होते! त्याचाच जास्त वैताग आला. गोळी घेतात, माझ्यासमोर गिळतात. पाणी मोजलेलं. सगळं बरोबर आणि उत्तर चूक. असं गणित असतं का?

डोक्यात एकच चक्र चालू. हृदय आणखी खराब होतंय का? मॅडमना विचारलं. "असू शकतं. पण आधी सोपी कारणं संपवायची."

५ एप्रिल, शुक्रवार

सापडलं!!!!

कॉलेजला दांडी मारून कँटीनला गेले. भाजी चिरायला असतात त्या मावशींनी मला स्टूल दिलं, चहा दिला, "डॉक्टरीणबाई आल्या" म्हणून सगळ्यांना सांगितलं. मी कोपऱ्यात बसून बाबांकडे बघत राहिले. त्यांना कामावर मी असं कधी बघितलंच नव्हतं. चार मोठी पातेली, वाफ, आणि मधोमध बाबा — कुणाला हाक मारायची नाही, नुसती मान हलवली की माणसं पळतात.

पहिल्या पातेल्यात पळी घातली. रस्सा डाव्या तळहातावर ओतला. चाटला. थांबले. मान हलवली. दुसरं पातेलं. तळहात. चाटला. भाताचं पाणी. सूप. पुन्हा पहिलं, कारण आता बटाटे शिजले. पुन्हा दुसरं. कुणी येऊन विचारलं, "मामा, बघता का जरा?" की तळहात पुढे. थेंबभर नाही, चांगला पसाभर! आणि दर वेळी सगळे थांबून बाबांच्या तोंडाकडे बघतात. मान हलली की पुढे.

मी धावतच गेले. "बाबा, तुम्ही मीठ खाताय!"

"कुठे खाल्लं?"

"हे काय मग?"

"हे खाणं नाही. मीठ बघतोय."

खरंच वाटत होतं त्यांना तसं! चेहरा बघायला हवा होता. चाळीस वर्षं कँटीनमध्ये काढलेला माणूस चाखण्याला खाणं धरतच नाही. आणि ते खोटं बोलत नव्हतेच ना — मॅडमनी विचारलं 'खाता का', त्यांनी सांगितलं 'नाही'!

मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, अलीकडे तर जास्तच बघतात. पूर्वी एकदा बघितलं की झालं. आता मीठ टाकलं की बघ, ढवळलं की बघ. वय झालं, धीर राहिला नाही."

घरी आल्यावर आईच्या पाया पडले. म्हटलं, "चुकले." आई म्हणाली, "पाया पडू नकोस, भांडी घास." घासली.

६ एप्रिल, शनिवार

मॅडम फोनवर हसल्या आधी. मग म्हणाल्या, "मी हे विचारायला हवं होतं. आचाऱ्याला विचारायला हवंच होतं." फक्त त्यानेच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण पसाभर रस्सा इतक्या वेळा म्हणजे मीठ नक्कीच जातंय. बंद करा आणि वजन बघा.

बाबांना म्हटलं, चाखा आणि थुंका. बाप रे! असे बघायला लागले माझ्याकडे! "चारशे माणसांच्या अन्नाशेजारी उभं राहून थुंकू? यासाठी इंग्लिश शाळेत घातली तुला?"

मग मावशींना चाखू द्या. "मावशीला तंबाखूने काही कळत नाही."

मग चाखूच नका, अंदाजाने टाका. बाबा उठून गच्चीत गेले.

८ एप्रिल, सोमवार

मार्ग निघाला — मी! कॉलेज अकराला असतं. सकाळी बाबांबरोबर जाणार, मीठ मी बघणार. बाबा तयार झाले. इतक्या सहज तयार झाले की मलाच आश्चर्य वाटलं.

१० एप्रिल, बुधवार

आचारी होणं सोपं नाही. तळहात भाजला. पण काय वट आहे! पळी पुढे येते, सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हटलं, "खारट झालंय." बाबा म्हणाले, "नक्की?" "बाबा, नुसतं मीठ आहे!" लगेच पाणी वाढवलं, बटाटे घातले. पुढच्या पातेल्यात आधीच हात आखडता घेतला. मी म्हटलं, "हां, आता बरोबर."

एरवी माझं एक ऐकत नाहीत. इथे लहान मुलासारखे ऐकतात.

वजन उतरायला लागलंय!!

१२ एप्रिल, शुक्रवार

मेले. मेले मेले मेले.

आज जेवणाच्या सुट्टीत ताटं परत आली. एकदोन नाही, रांगच. एक फिटर बाबांना सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, आजारी तुम्ही आहात की आम्ही?" अख्खं कँटीन हसलं. दुसरा म्हणाला, "तीन दिवस झाले, गरम पाण्यात भाजी बुडवून देतायत." बाबा काउंटरमागे पळी धरून उभे होते. नुसते उभे.

मावशींनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या घरी मीठ बंद आहे ना गं?"

मला चर्रकन कळलं. महिनाभर पुठ्ठा खाऊन माझी जीभ बदललीये! मला आता सगळंच खारट लागतं. मिठाचा पहिला कण जिभेला लागला की मी ओरडते. हे मला, मला कळू नये? सवयीने टेस्ट बड्स कसे बदलतात त्यावर मी आईला लेक्चर दिलंय याच महिन्यात! "थोडे दिवस काढ, मग बिनमिठाचंच गोड लागेल." मीच म्हणाले होते.

मॅनेजर बाबांना केबिनमध्ये बोलावून काय म्हणाला ते नंतर कळलं. प्रेमाने म्हणाला, तेच वाईट. "मामा, तब्येत बघा आधी. घरी बसा. पहिल्या तारखेपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी दुसरा माणूस कायम करतो."

१५ एप्रिल, सोमवार

बाबा घरी. बाल्कनीतल्या खुर्चीत. टीव्ही लावत नाहीत, पेपर उलगडत नाहीत.

मी सॉरी म्हटलं. म्हणाले, "तुझं काय चुकलं? जीभ तुझी, तू जे लागलं ते सांगितलंस." आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

१९ एप्रिल, शुक्रवार

मॅडम खूश. पाठ स्वच्छ, वरपासून खालपर्यंत. मी पण ऐकलं — नुसती हवा. सुंदर आवाज आहे तो. काहीच नसल्याचा आवाज! घोटे बारीक झाले, उशी एकच. हृदयाची सोनोग्राफी केली, पंप पूर्वीपेक्षा थोडा बरा चालतोय. औषधं लागू पडतायत.

"कामावर जायला माझी ना नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त ते चाखणं नको."

बाबा म्हणाले, "मग राहिलं काय त्यात?"

२३ एप्रिल, मंगळवार

आई आणि बाबा आत बोलत होते. मी मुद्दाम नाही ऐकलं, पण भिंती पातळ आहेत.

"अहो, नका जाऊ. श्वास घेताय तेवढं पुरे आहे मला."

"श्वास घेऊन करू काय? खुर्चीत बसून मोजू?"

"मग अंदाजाने टाका. एवढी वर्षं टाकताय."

बाबा एकदम चिडले. "अंदाजाने! लोक काय म्हणतील!" आई रडली. मग बाबाच समजूत काढत बसले.

मला एका जागी बसवत नाही. मी त्यांना वाचवलं की घालवलं? छाती रिकामी केली, आणि सोबत सगळंच रिकामं झालं. मिठाचं प्रमाण दाखवणारं यंत्र असतं, ते सुचवलं. बाबा म्हणाले, "यंत्र घेऊन पातेल्याशी उभा राहू? पोरं हसून मरतील."

२८ एप्रिल, रविवार

बाबांनी कँटीनचा ॲप्रन धुऊन, इस्त्री करून घडी घातली. परत देणार म्हणाले.

३० एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी बाल्कनीत बाबा आपणहून बोलले. रस्त्याकडे बघतच.

"मला मीठ कळत नाही, बाळा. दोन वर्षं झाली. मागे तो ताप आला होता ना, त्यानंतर जिभेवर काही येतच नाही. खारट नाही, गोड नाही. आईलाही सांगितलं नाही."

मी म्हटलं, "मग दोन वर्षं मीठ कोण घालतंय?"

"हातच घालतो. कधी चुकला नाही अजून."

"मग चाखत कशाला होता, बाबा? इतकं?"

"सगळे बघत असतात ना. न चाखणारा आचारी कोण ठेवेल?"

मग म्हटलं, मॅनेजरला फोन करा. उद्या एक मेची सुट्टी, परवापासून पळी रिकामी आणायची वर. कोरडा तळहात चाटायचा, आणि मान हलवायची.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग तिथल्या तिथे, खुर्चीत बसल्या बसल्या, डावा तळहात तोंडाशी नेला. थांबले. गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

आणि मला विचारलं, "खरं वाटतं का?"